लिंबाच्या कुंडीपासून रानवाटेपर्यंत : कीटक पाहावेत आणि टिपावेत कसे

कीटकांचे छायाचित्रण शिकू पाहणारे बहुतेक जण आधी लेन्सच्या किमती पाहतात. माझ्या मते आधी झाडे ओळखायला शिकावे. फुलपाखराची मादी दिसेल त्या पानावर अंडी घालत नाही. रुईवर प्लेन टायगरचे आणि पानफुटीवर रेड पियरोचे सुरवंट वाढतात, तर लिंबाच्या कुळातील झाडांवर, २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेल्या ब्लू मॉरमॉनसह, कितीतरी जातींचे सुरवंट पोसले जातात. झाड माहीत असले की कीटकामागे धावावे लागत नाही, त्याची वाट पाहता येते.

घरी लिंबाची किंवा कढीपत्त्याची कुंडी असल्यास पहिला धडा तिथेच गिरवावा. कोवळ्या पालवीवर मोहरीएवढे, फिकट पिवळे, गोल अंडे शोधावे. त्यातून निघणारा सुरवंट सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, त्यामुळे नवखा माणूस पान पुसून टाकण्याची शक्यता असते (मी स्वतः ते केलेले आहे). शेवटची कात टाकल्यावर मात्र तो हिरवागार होतो. त्याला काडीने डिवचले, तर डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुहेरी शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. हे दृश्य छायाचित्रासाठी मोहक असले तरी त्यासाठी सुरवंटाला वारंवार छेडू नये. कोष काळपट होऊन आतल्या पंखांची नक्षी दिसू लागली की दुसऱ्या दिवशी पहाटेच कॅमेरा घेऊन बसावे. बाहेर आलेले फुलपाखरू पंख पसरून वाळेपर्यंत बराच वेळ तिथेच लटकलेले राहते, आणि नवशिक्याला यापेक्षा सोपी संधी मिळणे कठीण.

रानात जायचे तर सकाळी लवकर जावे. कीटकांच्या शरीराला बाहेरून ऊब लागते, म्हणून अंगावर ऊन येईपर्यंत ते सुस्त असतात आणि दवाने भिजलेला चतुर तर हातभर अंतरावर जाऊ देतो. जवळ जाताना आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये, कारण तो आवाजापेक्षा हालचालीला आणि सावलीला जास्त बिचकतो. उडालाच तर पाठलाग न करता तिथेच थांबावे. अनेक जातींचे चतुर पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतात. विश्रांतीच्या वेळी पंख आडवे पसरलेले असतील तर तो चतुर आणि पाठीवर मिटलेले असतील तर बहुधा टाचणी (चतुरासारखाच, पण सडपातळ कीटक), एवढी खूण प्रारंभी पुरेशी आहे.

आता कॅमेरा. मोबाइलवर चिमट्याने बसणारी मॅक्रो लेन्सही (लहान वस्तू अगदी जवळून मोठी टिपणारी भिंग) चालते, पण तिला कीटकाच्या अगदी जवळ न्यावे लागते. ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स अधिक अंतर राखू देते. इतक्या जवळून स्पष्टतेची खोली, म्हणजे चित्रात रेखीव येणारा पट्टा, जेमतेम एक-दोन मिलिमीटर उरते, म्हणून ॲपर्चर (लेन्समधून प्रकाश आत सोडणारे छिद्र; एफ-आकडा मोठा तितके ते लहान) एफ-८ ते एफ-११ च्या आसपास ठेवावे आणि फोकस नेहमी डोळ्यावर साधावा. पंख मिटलेल्या फुलपाखराच्या बाबतीत लेन्सचा काच-पृष्ठभाग पंखांना समांतर धरला तर टोकापासून टोकापर्यंत नक्षी रेखीव येते. झाडीत प्रकाश कमी असल्यास फ्लॅश वापरावा, परंतु त्यावर पांढरा पातळ कागद किंवा कापड लावून प्रकाश मऊ करावा, नाहीतर भुंग्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग पडतो. श्वास रोखून एकाच फ्रेमची पाच-सहा छायाचित्रे पटापट घ्यावीत. त्यातले एखादेच नेमके जुळते.

पतंगांसाठी अमावास्येच्या आसपास अंगणात पांढरी चादर टांगून तिच्यावर दिवा लावावा. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिथे अशा आकारांची गर्दी होते की एक चादर बघताना दोन तास कसे गेले ते कळत नाही. दिवा मात्र मध्यरात्रीनंतर बंद करावा आणि चादर हळूच झटकून पतंगांना झुडपांत सोडावे, कारण उजाडल्यावर बुलबुल आणि दयाळ थेट चादरीवरच न्याहारी करतात. संरक्षित जंगलात असा प्रयोग वनखात्याच्या परवानगीशिवाय करू नये.

कीटक स्थिर राहावा म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवण्याची किंवा फांदीसकट तोडून घरी आणण्याची रीत काही जणांत आहे. ती मला अजिबात मान्य नाही. त्याऐवजी झाडासह एक दूरचे छायाचित्र, पंखांच्या दोन्ही बाजू आणि डोक्याची बाजू टिपावी व वहीत तारीख, जागा आणि तो कशावर बसला होता ते लिहून ठेवावे. ओळख पटवताना सर्वांत सुंदर छायाचित्रापेक्षा झाडाची ती नोंदच बहुधा कामी येते.