सिम चेकच्या आधी: ए-३२० ची लिमिटेशन्स, आणि ते उणे चाळीस

सिम चेक म्हणजे सिम्युलेटरमधली पायलटची परीक्षा, आणि लिमिटेशन्स म्हणजे त्यासाठी पाठ लागणारे विमानाच्या मर्यादांचे आकडे. ही यादी सीएफएम ५६-५बी इंजिनांच्या एअरबस ए-३२० ची आहे. निओवर (नव्या इंजिनांच्या ए-३२० वर) असाल तर आकडे आपल्या एफसीओएममधून (वैमानिकांच्या मॅन्युअलमधून) ताडून घ्या, दोघांची खिचडी करू नका. तुमचं मॅन्युअल आणि मी यात फरक निघाला तर मॅन्युअल खरं.

मागच्या वेळी माझी ओरल, म्हणजे तोंडी परीक्षा, झकास झाली होती. पाढे म्हणावेत तसे आकडे म्हटले. तासाभराने सिम्युलेटरमध्ये दोन साध्या बटणांनी घात केला. म्हणून सुरुवात तिथूनच: इंजिन अँटी-आइस, म्हणजे इंजिनावर बर्फ धरू न देणारी यंत्रणा, प्रत्येक इंजिनाला एक बटण.

नियम दोन वाक्यांचा आहे आणि बहुतेक जण पहिलंच पाठ करतात. तापमान १० अंश किंवा त्याखाली, आणि हवेत दिसणारी ओल, म्हणजे ढग, पाऊस, बर्फ किंवा दृश्यमानता एका मैलावर आणणारं धुकं, असं असेल तर ऑन. सूट फक्त क्लाइंब आणि क्रूझमध्ये, एसएटी (बाहेरच्या हवेचं खरं तापमान) उणे ४० च्या खाली असेल तर. इथवर मलाही येत होतं. दुसरं वाक्य: डिसेंटला ही सूट नाही. ढगात उतरायचं असेल तर डिसेंट सुरू व्हायच्या आधी ऑन, मग एसएटी उणे ४६ असो की उणे ५५. मी एफएल ३५० (३५,००० फूट) वरून, उणे ४६ मध्ये, भर ढगातून खाली निघालो आणि बटणांकडे बघितलंही नाही. एक्झामिनरने विचारलं, तर वर ऐटीत म्हणालो, "सर, उणे चाळीसच्या खाली आहे ना!" ते काही बोलले नाहीत. कागदावर काहीतरी लिहिलं.

कारण एकदा समजून घ्या. उणे ४० च्या खाली ढगात पाणी पाण्याच्या रूपात टिकतच नाही, सगळं आधीच गोठलेलं असतं, कोरडे कण इंजिनाला सहसा चिकटत नाहीत. पण मिनिटाला २००० फूट उतरत असाल तर उणे ४६ चं उणे ४० व्हायला दीड मिनिट पुरतं. त्यात इंजिनं आयडलवर. बटण दाबलं की आयडल आपोआप थोडं वाढतं, तेही हवंच असतं. ढगात डिसेंट, ऑन. आकडा बघत बसू नका.

आणखी एक गोंधळ इथलाच. १० अंश बघायचे ते जमिनीवर आणि टेकऑफला ओएटीचे (बाहेरच्या हवेचं तापमान), हवेत टीएटीचे (विमानाच्या वेगामुळे वाढलेलं तापमान). उणे ४० मात्र एसएटीचे. टीएटी, एसएटी खालच्या ईकॅम स्क्रीनवर एकाखाली एक बसलेले असतात, घाईत हमखास चुकीचा वाचला जातो. मॅक ०.७८ ला (आवाजाच्या वेगाच्या ०.७८ पट) एसएटी उणे ४५ असताना टीएटी उणे १७ च्या आसपास दिसतो, म्हणजे फरक किरकोळ नाही. आणि मुंबई-गोवा करणाऱ्यांनो, जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात ७ अंशांवर उभे असाल तर इंजिन सुरू झाल्याझाल्या ऑन. आपल्याकडे जमिनीवर हे कधी लागत नाही, म्हणून हात तिकडे जातच नाही. (ओरलचा लाडका प्रश्न: वीज गेली तर इंजिनाचा अँटी-आइस व्हॉल्व्ह उघडतो, पंखाचा बंद होतो.)

आता वेग. व्हीएमओ (कमाल वेग) ३५० नॉट, एमएमओ (तोच मॅकमध्ये) ०.८२, हे न येणारा इथवर पोचतच नाही. फ्लॅपचे २३०, २१५, २००, १८५, १७७ समोर पाटीवर आहेत, तरी पाठ करा. पाटीकडे मान वळवलेली एक्झामिनरला दिसते. गिअर खाली घ्यायला २५०, वर घ्यायला २२०, खाली असताना २८०. इथे वर-खाली उलटं बोलणारे खूप. नोज गिअर पुढे, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेच्या विरुद्ध मिटतं, एवढं डोळ्यांपुढे आणा. कमी आकडा वर घ्यायचा. स्लॅट-फ्लॅप २०,००० फुटांच्या वर काढायचे नाहीत. टायर १९५ नॉट, पण ग्राउंडस्पीड. उंचावरच्या तापलेल्या धावपट्टीवर तो इंडिकेटेडच्या पुढे पळतो. वायपर २३०, खिडकी उघडायला २००.

इंजिन स्टार्टर: २ मिनिटांची एक अशी चार सायकल, मधे २० सेकंद, चार झाल्या की १५ मिनिटं थंड होऊ द्या. ड्राय क्रँकही (इंधनाशिवाय इंजिन फिरवणं) एक सायकल धरायची, हे सोडून मोजणारा पाचवी मारून बसतो. ईजीटी (एक्झॉस्टचं तापमान) स्टार्टला ७२५, टेकऑफला ९५०, मॅक्स कंटिन्युअसला ९१५. टोगा (टेकऑफची पूर्ण ताकद) ५ मिनिटं, एक इंजिन गेलं तर १०. टेकऑफआधी इंजिनाचं तेल किमान उणे १० अंश. हो, हेही उणे, पण याचा त्या उणे ४० शी काही संबंध नाही.

ब्रेक ३०० अंशांच्या वर असतील तर टेकऑफ नाही. गिअर आत गेल्यावर हायड्रॉलिक तेल गळून तापल्या ब्रेकवर पडलं तर पेट घेईल, कारण तेवढंच. वीस-पंचवीस मिनिटांच्या टर्नअराउंडमध्ये एकदा आकडा बघाच.

एपीयू (शेपटीतलं छोटं सहायक इंजिन): स्टार्टचे तीन प्रयत्न फसले की ६० मिनिटं थांबा. ब्लीड (त्याची दाबाची हवा) दोन पॅकना (एसी युनिटांना) १५,००० फुटांपर्यंत, एकाला २२,५००, इंजिन स्टार्टला २०,०००. बॅटरीवर एपीयू स्टार्ट २५,००० पर्यंत.

ऑटोपायलट टेकऑफनंतर १०० फूट आणि ५ सेकंद, दोन्ही. ऑटोलँडला वारा समोरून ३० नॉट, बाजूने २०, मागून १०. कार्गो दार ४० नॉट वाऱ्यापर्यंत. जी (विमानावरचा भार, गुरुत्वाच्या पटीत): क्लीन (स्लॅट-फ्लॅप आत) २.५ ते उणे १, स्लॅट बाहेर २ ते ०. हायड्रॉलिक दाब ३००० पीएसआय. वजनं प्रत्येक विमानाची वेगळी, कागदात बघा, मी लिहीत बसत नाही.

उद्या सकाळी सहाचा स्लॉट आहे. गुडघ्यावरच्या पॅडवर पहिल्याच ओळीत पेन्सिलीने लिहून ठेवलंय: टॉप ऑफ डिसेंट (उतरायला सुरुवात), ढग आहे का, दोन्ही बटणं.