गुणायचं का मिळवायचं? क्षेत्रफळ-परिमितीचा गृहपाठ करून घ्यायला बसणाऱ्यांसाठी

आमची चाळीसगावची संध्याकाळची अभ्यासिका पोरांनीच पोरांना शिकवायचं या एका गोष्टीवर चालते. आठवी-नववीतले पाचवी-सहावीवाल्यांना घेऊन बसतात आणि कॉलेजातले आम्ही दोघं-तिघं आठवी-नववीवाल्यांना. दर जूनला शिकवणारे बदलतात, आणि नव्यांना तेच ते तोंडी सांगावं लागतं. यंदा लिहूनच ठेवतेय. विषय एकच घेतलाय, क्षेत्रफळ आणि परिमिती. सगळ्यात जास्त घोळ याच धड्यात होतो आणि सगळ्यात जास्त वह्याही याच धड्याच्या उतरवल्या जातात.

पहिल्याच आठवड्यात तुम्हाला हा प्रश्न येणार: “ताई, यात गुणायचं का मिळवायचं?” उत्तर देऊ नका. दिलंत की त्या पोराचं गणित सुटेल आणि पुढचं गणित घेऊन ते परत तुमच्याच पुढ्यात उभं राहील. त्याने गणित वाचलेलंच नसतं, फक्त आकडे वाचलेले असतात. त्याला आधी आकृती काढायला सांगा. मग बोट फिरवायला सांगा: विचारलंय ते कडेकडेनं आहे का आतलं? इथे बोट खरंच फिरवून घ्या. “कळलं ना?” म्हटलं की पोरं मान हलवतात, बोट मात्र खोटं बोलत नाही.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हा फरक आपण शिकवायची गरजच नसते, फक्त आठवण करून द्यायची. तारेचं कुंपण मीटरवर येतं, बियाणं एकरावर. बांधावरून भांडणं होतात ती कडेची. सातबाऱ्यावर चढतं ते आतलं. आमच्याकडे यावर एक गणित ठरलेलंच आहे. ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. त्याला कुंपण १३२ फूट. आता ४० गुंठ्यांचा एकर, तर एकराला कुंपण किती? निम्मा वर्ग १३२ गुणिले ४० करून मोकळा होतो, ५२८० फूट. काही बोलू नका, चौकटीच्या वहीवर ४० घरं आखायला लावा. पाच रांगांत आठ-आठ घरं मांडली तर शेत १६५ फूट बाय २६४ फूट होतं आणि कुंपण लागतं ८५८ फूट. तीच ४० घरं एका ओळीत मांडली तर शेत ३३ फूट रुंद, १३२० फूट लांब आणि कुंपण २७०६ फूट! जमीन तेवढीच, तार तिपटीहून जास्त. वाटण्या होऊन चिंचोळ्या पट्ट्या पडलेल्या शेतांना कुंपण का परवडत नाही, हे पोरांना या गणितात दिसतं. एकाने तर घरी जाऊन काकांना हिशेब करून दाखवला होता. काका खूश झाले नाहीत ही गोष्ट वेगळी.

शेती नसलेल्यांना घराची फरशी घ्या. आमच्याकडे एका फरशीवाल्या मिस्त्रींचा मुलगा येतो. सूत्र विचारलं की त्याला घाम फुटतो. पण १२ बाय १०ची खोली म्हणताच तो सांगतो, फरशी १२० चौरस फूट आणि स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याला लावायची फरशीची पट्टी, ४१ रनिंग फूट (नुसत्या लांबीचे फूट). परिमिती तर ४४ येते, मग ४१ कुठून? “दाराला स्कर्टिंग कोण लावतं, ताई?” दाराचे तीन फूट त्याने आधीच वजा केले होते. अशा पोराला शिकणाऱ्यांत बसवू नका, शिकवायला बसवा.

आता थोडं सावकाश वाचा, कारण चूक कशी शोधायची ते इथे आहे. गणित नेहमीचंच: २० मीटर लांब, १५ मीटर रुंद बाग, तिच्या बाहेरून चारही बाजूंनी १ मीटर रुंदीचा रस्ता, तर रस्त्याचं क्षेत्रफळ किती? गोलात बसलेल्या पोरांच्या वह्यांत हमखास तीन उत्तरं दिसतात: ३६, ७० आणि ७४.

३६वाल्याने लांबीत १ आणि रुंदीत १ मिळवला, २१ गुणिले १६ केलं आणि ३३६ मधून ३०० वजा केले. पद्धत बरोबर आहे, रस्ता फक्त दोनच बाजूंना घातलाय. त्याला एवढंच विचारायचं: “पश्चिमेकडून बागेत जायचं तर कुठून जाशील?” तो आकृती बघेल, जीभ चावेल आणि स्वतःच २२ गुणिले १७ करेल.

७०वाला जरा जास्त हुशार असतो. त्याने परिमिती काढली ७०, रस्ता एक मीटर रुंद, म्हणून ७०. विचार छान आहे आणि त्याला तसं सांगाही. मग त्याच्याकडून चार पट्ट्या वेगवेगळ्या काढून घ्या: २०ची, २०ची, १५ची, १५ची. पट्ट्या बागेला चिकटवल्या की चार कोपरे रिकामे राहिलेले त्याला दिसतात. प्रत्येक कोपरा एक चौरस मीटर. सत्तर आणि चार, चौऱ्याहत्तर. ही रीत पुस्तकातल्या रीतीपेक्षा लवकर होते, आणि ती त्याची स्वतःची असते.

आणि ७४वाला? त्याला सोडून पुढे जाऊ नका. उत्तर बरोबर आहे म्हणजे गणित आलंय असं नाही. गाईडमधून उतरवलेलं ७४ पण ७४च दिसतं. त्याला म्हणा, आता हाच रस्ता बागेच्या आतून काढ. ज्याला समजलंय तो १८ गुणिले १३ करून ३०० मधून २३४ वजा करतो, ६६. ७०वाला पोरगा बहुतेक त्याच्याआधी ओरडतो, “सत्तर वजा चार!” कारण आत आले की कोपरे दोनदा मोजले जातात. उतरवणारा गप्प बसतो. त्याला सगळ्यांसमोर पकडू नका. शेजारी ७०वाल्याला बसवा, पुढचं काम तो करतो.

शिष्यवृत्ती परीक्षा देणाऱ्यांनी हे जास्तच मनावर घ्यायला हवं. तिथे चार पर्याय असतात, आणि पेपर काढणाऱ्याला आपली पोरं कुठे घसरतात ते ठाऊक असतं. असं गणित आलं तर ३६ आणि ७० पर्यायांत असणारच. आपलं उत्तर पर्यायांत सापडलं म्हणून निर्धास्त होणारी पोरं तिथेच मार्क घालवतात.

जुन्या लग्नपत्रिका टाकू नका. जाड कागद फुकट मिळतो. १२ सेमी बाय ८ सेमीचा आयत कापा: क्षेत्रफळ ९६ चौसेमी, परिमिती ४० सेमी. आता एका कोपऱ्यातून ४ बाय ३चा तुकडा कापून टाका आणि विचारा, परिमिती कमी झाली का वाढली? यावर पैजा लागतात, लागू द्या. मग कडेनं दोरा फिरवून मोजायला सांगा. चाळीसच! दोन कडा गेल्या आणि तेवढ्याच दोन नव्या आल्या. क्षेत्रफळ तेवढं ८४ झालं. आता दुसरी पत्रिका घ्या आणि तोच ४ बाय ३चा तुकडा कोपऱ्याऐवजी लांब बाजूच्या मधोमध खाच पाडून काढा, आत ३ सेमी. क्षेत्रफळ पुन्हा ८४, पण परिमिती ४६. “काही कापलं की सगळंच कमी होतं” ही पोरांची पक्की समजूत असते. ती बोलून जात नाही, दोऱ्याने जाते.

पुढचं सातवी-आठवीवाल्यांसाठी. समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ विचारलं की पोरं पाया गुणिले तिरकी बाजू करतात. “उंची घे, उंची घे” असं कितीही ओरडलात तरी पुढच्या वेळी तेच. त्यापेक्षा सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या बारीक रबरी नळीचे तुकडे सांधे म्हणून वापरा. काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबची ही युक्ती टाकाऊतून खेळणी करून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्ता यांनी घरोघरी पोचवली. आम्ही काड्यापेटीऐवजी खराट्याच्या काड्या घेतो, त्या हव्या तेवढ्या लांब मिळतात. ६ सेमीच्या चार काड्या जोडून चौरस करा. ३६ चौसेमी. आता एका कोपऱ्याला बोट लावून हळूहळू ढकला. काड्या त्याच, परिमिती २४च, पण आतली जागा आक्रसत जाते आणि शेवटी वरची काडी खालच्या काडीवर झोपते, आत काही उरतच नाही. बाजू बदलल्या नाहीत, मग बदललं काय? उंची. हे उत्तर पोरांच्या तोंडून येतं.

इथे मी भास्कराचार्यांना आणतेच, आणि मला त्याचा हक्क आहे असं मी समजते. पाटणादेवी आमच्यापासून जवळ, दर पावसाळ्यात तिकडे सहली जातात. तिथल्या पाटण गावच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती आहे, त्यांचा नातू चंगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. भास्कराचार्य जन्मले १११४ साली, ‘लीलावती’ लिहिली ११५० साली. त्यात ते सरळ म्हणतात की लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचं नेमकं क्षेत्रफळ विचारणारा माणूस पिशाच आहे, आणि उत्तर देणारा त्याहूनही मोठा! कारण तेच, नुसत्या चार बाजूंनी चौकोन ठरत नाही. हे ऐकलं की पोरं खूश होतात आणि पुढचे काही दिवस एकमेकांना चौकोनाची अर्धवट गणितं घालून “पिशाच! पिशाच!” ओरडत बसतात. ओरडू द्या. अर्धवट गणित ओळखता येणं हेही गणितच.

मग एक काडी काढून त्रिकोण करा आणि ढकलायला सांगा. हलत नाही. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला, म्हणून तर आठवीत हेरॉनचं सूत्र नुसत्या बाजूंवरून क्षेत्रफळ देतं. सरावाला १३, १४, १५ बाजूंचा त्रिकोण द्या. अर्धपरिमिती २१, तिच्यातून एकेक बाजू वजा केली की ८, ७ आणि ६, मग २१, ८, ७ आणि ६ यांचा गुणाकार ७०५६, वर्गमूळ ८४. उत्तर पूर्ण संख्येत येतं म्हणून पोरांना धीर येतो. सुरुवातीलाच वेडीवाकडी वर्गमुळं देऊन कुणाला पळवून लावू नका.

एककांचं थोडक्यात सांगते. एक चौरस मीटर म्हणजे किती चौरस सेंटिमीटर? शंभर, असं सगळे म्हणतील. जमिनीवर खडूने मीटरभर बाजूचा चौरस आखा, पट्टी ठेवा. एका रांगेत सेंटिमीटरची घरं किती? शंभर. अशा रांगा किती? शंभर. दहा हजार. एकदा आखलं की पुरतं, दरवर्षी मात्र आखावं लागतं.

आता आपण कसं वागायचं ते. पेन्सिल ज्याचा गृहपाठ त्याच्याच हातात राहील. तुम्ही सोडवून दाखवलंत की समोरचा “हो, हो” म्हणतो आणि घरी जाऊन कोऱ्या पानाकडे बघत बसतो. समजलं का ते बघायचं तर आकडे बदलून तसंच गणित त्याच्याकडून तयार करून घ्या. “सोपं तर आहे” हे वाक्य आमच्याकडे बंद आहे. ते म्हणणाऱ्याला बरं वाटतं, ऐकणारा मात्र पुन्हा कधी विचारत नाही. मुली तर नाहीच नाही. न विचारणाऱ्या मुलीजवळ आपण होऊन जाऊन बसायचं आणि तिने काय सोडवलंय ते आधी विचारायचं. काय अडलंय ते ती मग सांगते.

रात्री नऊनंतर व्हॉट्सॲपवर “वहीचा फोटो टाक ना” सुरू होतं. टाकायचाच तर आकृतीचा टाका, उत्तराचा नको. किंवा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. बोलून सांगताना तुम्हाला स्वतःला किती कळलंय तेही उघड होतं. वर्गमित्राचं सांगणं कधीकधी सरांपेक्षा चांगलं उतरतं, कारण तो कालपरवाच त्याच ठिकाणी अडलेला असतो. पण त्याला चुकीचं कळलं असेल तर ते चुकीचंही तितकंच झपाट्याने पसरतं. सगळ्या वह्यांत तेच विचित्र उत्तर दिसलं तर समजा, फोटो फिरलाय.

तुम्हालाच अडलं तर तसं सांगून टाका आणि दुसऱ्या दिवशी त्या पोरालाच शाळेत सरांना विचारायला लावा. संध्याकाळी परत येऊन ते तुम्हाला शिकवेल. टेप, दोरा, खडू, जुन्या पत्रिका आणि काड्यांचा जुडगा कपाटाच्या खालच्या फळीवर आहे. व्हॉल्व्ह ट्यूब संपत आलीय, येताना सायकलच्या दुकानातून दोन-तीन मीटर घेऊन या.