एअर रायफलवर स्कोप घ्यायचाय? आधी डोळे तपासा, मग पाकीट काढा

आपल्या सोलापुरात नेमबाजीचा नाद दोन वाटांनी लागतो, एक एनसीसीच्या कॅम्पमधनं आणि दुसरा जानेवारीत होम मैदानावरच्या गड्ड्याला फुगे फोडता फोडता. आता त्यात तिसरी वाट आलीय. 2024 ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, पोरगा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, नोकरी मध्य रेल्वेत, आणि सोलापूर पडलं मध्य रेल्वेचंच डिव्हिजन, त्यामुळं इथं त्याचं कौतुक जरा घरचंच असल्यासारखं झालं. तेव्हापासून आईबाप स्वतःहून विचारायला लागलेत की पोराला यात घालायचं तर काय काय घ्यावं लागतं, आणि पोराचा पहिला प्रश्न ठरलेला, स्कोप (रायफलवर लावून नेम धरायची दुर्बीण) कुठला घेऊ.

मी ऑप्टोमेट्री केलंय, दिवसभर चष्म्याच्या दुकानात नंबर काढतो आणि संध्याकाळी रेंजवर असतो. लेन्सचं काम येतं म्हणून लोकांचे स्कोप बसवून देता देता तेच माझं जोडकाम होऊन बसलं. त्यातनं जे कळलं ते नव्यानं येणाऱ्यांसाठी लिहून ठेवतोय.

तर पहिली गोष्ट, स्वप्नीलच्या रायफलवर स्कोप नव्हताच. ऑलिंपिकमधल्या रायफल प्रकारांत दुर्बीण लावायला परवानगीच नाही. 10 मीटर एअर रायफल असो की 50 मीटर, मागं बारीक भोकाची डायॉप्टर साईट असते आणि पुढं गोल रिंग, बास. तेवढ्यावरच 10 मीटरवरनं ज्या दहा गुणांच्या ठिपक्यावर नेम धरतात तो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. शूटरच्या शेजारी स्टँडवर दुर्बीण दिसते ती टार्गेटवर छर्रा कुठं लागला ते बघायची, नेम धरायची नव्हे. स्कोप चालतो तो रनिंग टार्गेटमध्ये, म्हणजे सरकत्या टार्गेटच्या प्रकारात, तिथं 10 मीटरला जास्तीत जास्त 4 पट, पण तो प्रकार 2004 च्या अथेन्सनंतर ऑलिंपिकमध्ये राहिला नाही. म्हणजे ज्याला स्टेट, नॅशनल, बालेवाडी, पुढं खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणातनं सरकारी नोकरी, या लाईनीनं जायचंय त्यानं स्कोपचा विचार आत्ताच सोडावा आणि ते पैसे चांगल्या जॅकेटला आणि छऱ्यांना घालावेत. हे ऐकून निम्मी पोरं नाराज होतात, होऊ देत.

मग स्कोप कुणाला? ज्याला हौसेखातर 25, 50 मीटरवर कागदावर बारीक ग्रुप (छऱ्यांच्या भोकांचे झुबके) काढायचेत, बेंचरेस्ट (टेबलावर रायफल टेकवून) किंवा फील्ड टार्गेट (मैदानात वेगवेगळ्या अंतरावरची टार्गेट) खेळायचंय, किंवा चाळिशी लागलीय आणि साध्या साईटवर नजर बसत नाही, त्याला. आणि इथंच सांगतो, .177 म्हणजे 4.5 मिलिमीटरची आणि 20 ज्यूलच्या आतली एअरगन असेल तर लायसन लागत नाही, दोन्हीतलं एकही ओलांडलं की लागतं. लायसन नाही म्हणून कसंही वापरा असं नाही. स्कोप लागला की पुष्कळांची नजर होल्या-तित्तराकडं जाते, वन्यजीव कायदा 1972 पासून आहे आणि शिकार म्हणजे सरळ गुन्हा. नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्या उशाला आहे, त्या बाजूला गन घेऊन फिरकायचंसुद्धा नाही.

आता डोळे. दुकानात कुणी स्कोपचं विचारलं की मी आधी त्याला दोन्ही हात लांब करून अंगठा-बोटांचं छोटं भोक करायला लावतो, त्यातनं भिंतीवरचा चार्ट बघायचा आणि मग एक-एक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं चार्ट भोकात राहतो तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हातानं जेवणाऱ्याचा मुख्य डोळा डावा निघतो हे अनेकदा होतं, आणि तो बिचारा वर्षभर एक डोळा दाबून मिटत बसतो, मग कपाळ दुखतं आणि दोष रायफलला.

दुसरं म्हणजे सिलिंडर नंबर, म्हणजे एकाच दिशेला लागणारा चष्म्याचा नंबर. स्कोपच्या मागच्या बाजूला जी फोकसची रिंग असते ती तुमचा साधा प्लस-मायनस नंबर थोडाफार भरून काढते, सिलिंडर भरून काढत नाही. त्यामुळं सिलिंडरवाल्याला काही स्कोपच्या मधोमध लाईट लागणारा लाल ठिपका असतो तो गोल दिसतच नाही, एका बाजूला शेपूट फुटल्यासारखा ओघळलेला दिसतो, आणि तो स्कोप खराब म्हणून परत करायला निघतो. अशा माणसानं चष्मा घालूनच नेम धरायचा. पण गालाला बट लावून मान पुढं झुकली की आपण चष्म्याच्या मधनं बघत नाही, वरच्या नाकाकडच्या कोपऱ्यातनं बघतो, तिथं नंबर नीट मिळत नाही. म्हणून फ्रेम जरा मोठी आणि वर बसणारी हवी, प्रोग्रेसिव्ह लेन्सपेक्षा फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा बरा. चाळिशीवाल्यांना मात्र स्कोप खरंच सोपा जातो कारण क्रॉस (स्कोपमधली नेमाची फुली) आणि टार्गेट दोन्ही एकाच अंतरावर असल्यासारखे दिसतात, नजर पुढंमागं पळवावी लागत नाही.

फोकसची ती रिंग लावायची पद्धत पण शिकून घ्या. स्कोप कोऱ्या भिंतीकडं किंवा आभाळाकडं करा (सूर्याकडं कधीच नाही, डोळा जाईल), डोळा मिटा, उघडा, पहिल्याच नजरेला क्रॉस काळाभोर दिसला पाहिजे. बघत बसलात तर डोळा स्वतःच ॲडजस्ट करून घेतो आणि तुम्हाला वाटतं बरोबर आहे.

घेताना लोक फक्त पट बघतात. 24 पट, 32 पट. अरे, 25 मीटरवर 32 पट लावून काय बघणार, तुमच्याच छातीचे ठोके दिसतील. 3-9x40 म्हणजे 3 ते 9 पट आणि पुढची काच 40 मिलिमीटर, एवढं नवख्याला भरपूर आहे. 40 भागिले 9 केलं की साधारण साडेचार, तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा गोल डोळ्यात येतो, तोच 24 पटीवर दीडपावणेदोनवर येतो, मग चित्र अंधारं आणि डोकं जरा हललं की सगळं काळं.

पटीपेक्षा महत्त्वाचं पॅरॅलॅक्स. मोठ्या रायफलचे बरेच स्कोप 100 यार्डाला फिक्स केलेले असतात. असला स्कोप एअरगनवर लावून 15 मीटरवर बघा, एक तर टार्गेट पुसट, आणि रायफल टेकवून न हलवता फक्त डोकं डावी-उजवी केलं तर क्रॉस टार्गेटवरनं सरकतो. म्हणजे गाल रोज एकाच जागी टेकला नाही तर नेम रोज वेगळा. त्यासाठी पुढच्या काचेवर किंवा बाजूला फिरवायची अंतराची रिंग असलेला आणि 10 यार्डापर्यंत खाली येणारा स्कोप घ्या. ते नसेल तर बाकी कितीही भारी असला तरी नको.

आणि तुमची गन स्प्रिंगवाली असेल, सुरुवातीला बहुतेकांची तीच असते, तर स्कोपवर एअरगनसाठी चालेल असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. साधी रायफल एकदाच मागं धक्का देते. स्प्रिंगची गन आधी मागं जाते आणि पिस्टन पुढं आदळला की उलटी पुढं झटका देते, हा पुढचा झटका साध्या स्कोपच्या आतल्या लेन्सा ढिल्या करतो. महागडा स्कोप स्वस्तातल्या स्प्रिंग गननं मारलेला मी बघितलाय. छर्रा न घालता ट्रिगर ओढायची सवय असेल तर स्प्रिंग, सील आणि स्कोप तिन्हीची वाट लागते.

आता माउंट, म्हणजे स्कोप गनवर धरून ठेवणारी पकड, ज्याच्यावर कुणी पैसे खर्च करत नाही. बऱ्याच एअरगनवर 11 मिलिमीटरची खाच असते, पिकॅटिनीचा (रुंद, आडव्या खाचांच्या पट्टीचा) माउंट त्याला बसत नाही, आणि स्कोपची नळी 1 इंचाची की 30 मिलिमीटरची ते बघून माउंटच्या रिंगा घ्यायच्या. स्प्रिंग गनला माउंट अडवून धरणारी स्टॉप पिन पाहिजेच, नाहीतर प्रत्येक वेळी बार उडवला की माउंट केसभर मागं सरकतो. मागं एक पोरगा आला, "दादा, सारखं झिरो हलूलालंय बघा," म्हणजे नेम धरला तिथं छर्रा लागेल असं जुळवलेलं सारखं बिघडतंय, स्कोप बदलायच्या तयारीतच आला होता. माउंटच्या मागच्या कडेला पेन्सिलनं बारीक रेघ मारली आणि म्हटलं जा, डबीतले थोडे मारून ये. आला तेव्हा रेघ आणि माउंट यांच्यात नख जाईल एवढी फट. पिन बसवली, स्कोप तोच अजून चालूय.

रिंगांचे स्क्रू एकेक करून गच्च करायचे नाहीत, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत आणायचे, दोन्ही बाजूची फट सारखी राहिली पाहिजे. छोटी ॲलन की दोन बोटांत धरून जेवढं जोर देता येतो तेवढंच. टॉर्कचा ड्रायव्हर असेल तर साधारण 15 ते 20 इंच-पाउंड. पक्कड लावून पिळणाऱ्याच्या स्कोपच्या नळीवर रिंगेचा वळ उठतो आणि आतली यंत्रणा अडकते.

झिरो करताना एका छऱ्यावर क्लिक (स्कोपच्या नॉबचे टप्पे) फिरवू नका, पाचांचा ग्रुप मारा आणि त्याचा मध्य धरा. सुरुवात 10 मीटरला, मग लांब. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) स्कोप असेल तर 25 मीटरवर एक क्लिक म्हणजे साधारण 1.8 मिलिमीटर, म्हणजे ग्रुप 2 सेंटीमीटर खाली असेल तर 11 क्लिक वर. 10 मीटरवर तोच क्लिक पाऊण मिलिमीटरसुद्धा भरत नाही, म्हणून फिरवून काही होत नाही असं वाटतं. स्कोप गनच्या नळीच्या चार-पाच सेंटीमीटर वर बसलेला असतो त्यामुळं अगदी जवळून छर्रा खाली लागणारच, त्यात बिघाड काही नाही.

देखभालीत आपला शत्रू ऊन आणि धूळ. एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या पुढं जातो तेव्हा बंद गाडीच्या डिकीत रायफल ठेवणं म्हणजे सील आणि ग्रीस दोन्ही शिजवणं. काचेवर धूळ दिसली की बनियनची कड नाहीतर चादरीचा कोपरा घेऊन घासणारे खूप, आपली माती बारीक खडीच आहे, कोटिंगवर ओरखडे पडतात. आधी रबरी फुंकणीनं हवा मारा, मग मऊ ब्रश, आणि तरी डाग राहिला तरच लेन्सच्या कागदावर एक थेंब लेन्स क्लीनर घेऊन मधनं बाहेर गोल फिरवत पुसा. थेंब कागदावर, काचेवर नाही. घरातला खिडकीचा स्प्रे नको, तोंडानं फुंकून थुंकी तर अजिबात नको. मागच्या काचेवर घाम आणि पापणीचं तेल लागतं, ते तसंच वाळू दिलं तर पुढं निघत नाही. पावसाळ्यात फोमच्या बॅगेत महिनोन् महिने बंद ठेवू नका, सिलिका जेलच्या पुड्या टाका, नाहीतर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. आणि आत काही दिसलं म्हणून पुढची काच उघडायची नाही. आत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला असतो, एकदा उघडला की गेला, मग सकाळच्या गारव्यात आतनं धुकं धरतं. चष्म्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर हातात असून मीही उघडत नाही.

नेम अचानक बिघडला तर स्कोपवर शेवटी या. आधी स्टॉकचे (रायफलच्या दस्त्याचे) स्क्रू, मग माउंटचे, मग छऱ्याची डबी बदललीय का ते बघा, मग गाल कुठं टेकतोय ते मित्राला बघायला सांगा. एवढं करून ग्रुप पसरतच असेल तर दुसऱ्या कुणाचा चालू स्कोप तासभर मागून लावा. त्यानं ग्रुप जुळला तर तुमचा स्कोप गेला, नाही जुळला तर गन उघडायची वेळ आलीय, आणि ते काम माझ्याकडं आणू नका, मी काचेचा माणूस.