गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळताना: लस, तपासणी आणि राहून जाणारा पाठपुरावा

गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या, म्हणजेच एचपीव्हीच्या, दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून उद्भवतो. शरीरसंबंधातून पसरणारा हा संसर्ग इतका सर्रास आढळतो की त्यावरून कोणाच्या वर्तनाविषयी तर्क करणे निरर्थक आहे. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप नाहीसाही होतो. तो टिकला, तरी त्याचा कर्करोग होण्यास साधारणतः १५ ते २० वर्षे लागतात.

लस मुलीला ९ ते १४ या वयात, विषाणूशी संपर्क येण्यापूर्वी द्यावी, कारण आधीच झालेला संसर्ग ती बरा करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार या वयात एक किंवा दोन मात्रा पुरतात. एचआयव्हीबाधित मुलींना मात्र किमान दोन आणि शक्य असल्यास तीन मात्रा द्याव्यात.

लस घेतलेल्या स्त्रीनेही तपासणी टाळू नये, कारण लस एचपीव्हीच्या सर्व घातक प्रकारांना रोखत नाही. वयाच्या तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही चाचणी करावी. एचआयव्हीबाधित स्त्रियांनी पंचविशीपासून, दर ३ ते ५ वर्षांनी. या चाचणीसाठी योनीमार्गातील नमुना स्वतःलाही घेता येतो, त्यामुळे अंतर्गत तपासणीच्या संकोचाने मागे राहणाऱ्यांची मोठी अडचण दूर होते.

खरी गफलत होते ती यापुढे. नमुना दिला की काम संपले असे वाटते आणि अहवाल आणायचा राहून जातो, म्हणून तो केव्हा व कोणाकडून मिळेल हे नमुना देतानाच विचारून लिहून ठेवावे. एचपीव्ही आढळणे म्हणजे कर्करोग होणे नव्हे. पुढील तपासणीत कर्करोगपूर्व बदल दिसले, तर ते उष्णतेने किंवा अतिशीत उपचाराने नष्ट करता येतात, अथवा तेवढाच भाग तारेच्या विद्युत्-फाशाने काढता येतो, आणि यासाठी बहुधा रुग्णालयात राहावेही लागत नाही. २०३० पर्यंत ९० टक्के मुलींचे लसीकरण, ७० टक्के स्त्रियांची तपासणी आणि दोष आढळलेल्यांपैकी ९० टक्के स्त्रियांवर उपचार, या जागतिक उद्दिष्टातील तिसरा आकडा याच पाठपुराव्यावर अवलंबून आहे.

दोन पाळ्यांच्या मधे, संबंधानंतर किंवा रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाल्यास, अथवा दुर्गंधीयुक्त स्राव होऊ लागल्यास, मागचा अहवाल निर्दोष असला तरी पुढच्या नियोजित चाचणीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.