लिनक्सवर व्हीआरआर चालत नाही? आधी मॉनिटरला विचारा

रात्री साडेदहाला ऐरोलीहून भाच्याचा फोन आला. "मामा, एकशे चव्वेचाळीस हर्ट्झचा मॉनिटर घेतला, लिनक्समध्ये सगळं चालू केलं, तरी गेममध्ये चित्र फाटतंय." तो तिकडे, मी इकडे ठाण्यात. फोन स्पीकरवर टाकून तासाभरात आम्ही जे शोधलं, तेच इथे क्रमाने लिहितोय. ज्यांनी पैसे मोजून असा मॉनिटर घेतलाय, त्यांना त्याचा पूर्ण फायदा मिळायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

साधा मॉनिटर सेकंदाला ठरलेल्या वेळाच चित्र बदलतो, साठ किंवा एकशे चव्वेचाळीस. ग्राफिक्स कार्डाची फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, मात्र कधी लवकर तयार होते, कधी उशिरा. मग एक तर चित्र मध्येच फाटतं, म्हणजे अर्धी जुनी आणि अर्धी नवी फ्रेम एकदम दिसते, नाही तर व्ही-सिंक (फ्रेमला मॉनिटरच्या ठरलेल्या वेळेपर्यंत थांबवणारी सेटिंग) लावला की हिसके बसतात. व्हेरिएबल रिफ्रेश रेट, म्हणजे व्हीआरआर असला की मॉनिटर कार्डासाठी थांबतो आणि फ्रेम आली की लगेच दाखवतो. फ्रीसिंक, जी-सिंक, अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक ही याचीच नावं. एएमडी कंपनीच्या ग्राफिक्स कार्डांसाठी ही सोय लिनक्सच्या ५.० कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, २०१९ साली आली.

मॉनिटर, केबल, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), डेस्कटॉप, गेम अशी ही साखळी आहे. एक कडी सुटली की व्हीआरआर मुकाट्याने बंद राहतो, कुठे एररही दिसत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच तपासा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

पायरी १: मॉनिटरचा मेनू. मॉनिटरच्या बटणांनी उघडणाऱ्या मेनूत फ्रीसिंक किंवा अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक चालू करा. बऱ्याच मॉनिटरवर ते कंपनीकडूनच बंद येतं. त्याच मेनूत रिफ्रेश रेटचा आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात दाखवायची सोय असेल तर तीही लावा. आता गेम सुरू करून आकड्याकडे बघा. आकडा हलत असेल तर व्हीआरआर चालू आहे. भाचा फोनवर वाचत होता: "एकशे चव्वेचाळीस... एकशे चव्वेचाळीस... अजून तेवढाच." म्हणजे बंद. काही मॉनिटर या जागी फक्त कमाल आकडाच दाखवतात, त्यामुळे तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल एकदा बघून घ्या.

पायरी २: केबल. भाच्याने खोक्यातली एचडीएमआय केबल लावली होती. शक्य असेल तिथे थेट डिस्प्लेपोर्टच वापरा. मधे कन्व्हर्टर असेल तर तपासणीपुरता तरी काढा, व्हीआरआर बरेचदा तिथेच अडतो. एचडीएमआयवर फ्रीसिंक चालतच नाही असं नाही, पण बऱ्याच मॉनिटरवर त्या पोर्टला रेंज, म्हणजे रिफ्रेश रेट ज्या किमान ते कमाल आकड्यांत बदलू शकतो ती, कमी मिळते. त्यात एएमडीने एचडीएमआय २.१ चा आधार आपल्या खुल्या ड्रायव्हरमध्ये आणायचा प्रस्ताव दिला होता, तो एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने फेब्रुवारी २०२४ मध्ये नाकारला. टीव्हीला कॉम्प्युटर जोडणाऱ्यांना याचा सगळ्यात जास्त फटका बसला. डिस्प्लेपोर्ट केबल लावल्यावर भाच्याला मॉनिटरचा मेनू पुन्हा उघडायला लावला. काही मॉनिटर ही सेटिंग प्रत्येक पोर्टसाठी वेगळी ठेवतात. त्याचंही तसंच होतं.

पायरी ३: डेस्कटॉप. सिस्टीमच्या माहितीच्या पानावर आधी बघा, तुम्ही वेलँडवर आहात की एक्स११ वर (स्क्रीनवर चित्र मांडायच्या या दोन व्यवस्था, वेलँड नवी, एक्स११ जुनी). केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपमध्ये ५.२२ पासून वेलँडवर ही सोय आहे. सिस्टीम सेटिंग्जमध्ये डिस्प्लेच्या पानावर अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकचे तीन पर्याय मिळतात: कधीच नाही, आपोआप, नेहमी. 'आपोआप' निवडा. 'नेहमी' ठेवलं तर नुसता माउस हलवला तरी रिफ्रेश रेट खालीवर होतो आणि काही पॅनेलवर, म्हणजे मॉनिटरच्या पडद्यांवर, डेस्कटॉपच लुकलुकायला लागतो. ग्नोम या डेस्कटॉपमध्ये ही सोय ४६ व्या आवृत्तीत प्रायोगिक म्हणून आली. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये तिचा पर्याय दिसत नसेल, तर मटरच्या (ग्नोममध्ये विंडो सांभाळणारा भाग) प्रायोगिक सुविधांमध्ये ती चालू करून लॉगआउट करा आणि पुन्हा आत या. स्वे हा वेलँडवरचा विंडो मॅनेजर वापरणाऱ्यांना कॉन्फिग फाइलमध्ये आउटपुटच्या ओळीत अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक 'ऑन' लिहिलं की झालं.

एक्स११ वर असाल तर एएमडीच्या एक्स ड्रायव्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'व्हेरिएबल रिफ्रेश' हा पर्याय वेगळा लिहावा लागतो. तिथे गेमच्या विंडोने अख्खा एक्स स्क्रीन व्यापायला हवा. दोन मॉनिटर शेजारी जोडले की ते जमत नाही, म्हणून दुसरा मॉनिटर सेटिंगमधून बंद करून बघा. माझं स्पष्ट मत: दोन मॉनिटर असतील तर एक्स११ शी झटापट करण्यात रात्र घालवू नका, वेलँडवर या.

पायरी ४: गेम. गेम फुलस्क्रीन ठेवा. आता भाच्याचा आकडा हलायला लागला: सत्त्याण्णव, एकशे बारा, एकशे चार. पण एका जुन्या, हलक्या गेममध्ये चित्र अजूनही फाटत होतं. कारण कार्ड सेकंदाला दोनशेच्या वर फ्रेम काढत होतं. मॉनिटरच्या कमाल आकड्याच्या वर गेलं की व्हीआरआरला करण्यासारखं काही उरत नाही. मँगोहड हे फ्रेम मोजणारं आणि त्यांना मर्यादा घालणारं सॉफ्टवेअर बसवून मर्यादा १४१ केली, म्हणजे कमाल आकड्याच्या तीन खाली. फाटणं तिथल्या तिथे थांबलं.

पायरी ५: लुकलुक. व्हीआरआर नीट चालू झाल्यावरच दिसणारी ही तक्रार आहे, आणि लोक इथेच घाबरतात. लोडिंगच्या स्क्रीनवर किंवा अंधाऱ्या दृश्यात उजेड कमीजास्त होतो. व्हीए आणि ओएलईडी या प्रकारच्या पॅनेलवर हे जास्त जाणवतं, कारण रिफ्रेश रेट बदलला की पॅनेलच्या उजेडात थोडा फरक पडतो. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बसवून तो जाणार नाही. रेंज ४८ ते १४४ असेल आणि गेम चाळीसवर आला, तर ड्रायव्हर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून मॉनिटर ऐंशीवर चालवतो. गेम अठ्ठेचाळीसच्या आसपास घुटमळत राहिला की रेट सारखा उड्या मारतो आणि डोळ्याला लुकलुक जाणवते. सावल्या आणि प्रतिबिंबांच्या सेटिंग कमी करून फ्रेम साठच्या वर टिकवा. लोडिंगपुरतीच लुकलुक असेल तर ती सोडून द्या, काही बिघडलेलं नाही.

फ्रेम दोनदा दाखवण्याची ही युक्ती चालायला कमाल आकडा किमान आकड्याच्या निदान दुप्पट लागतो. ४८ ते ७५ रेंजच्या मॉनिटरवर ती चालत नाही, तिथे अठ्ठेचाळीसच्या खाली हिसके बसणारच. नवा मॉनिटर घ्यायला दुकानात जाल तेव्हा खोक्यावर फ्रीसिंकचा शिक्का दिसला म्हणून लगेच पैसे देऊ नका. फोनवर त्या मॉडेलची रेंज उघडा आणि किमान आकडा किती आहे ते बघा.