गिनी काढायच्या आधी प्रश्नावली वाचा

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी प्रकल्पाला विषय घेतला, 'भारतातली विषमता: तीन दशकं'. धरमपेठेतली खोली, जुना लॅपटॉप. वाटलं, पंधरा दिवसांत उरकेल. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची कुटुंबनिहाय माहिती सांख्यिकी मंत्रालय फुकट देतं. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

पण ती उत्पन्नाची नाही, खर्चाची असते. श्रीमंत माणूस कमाईचा मोठा हिस्सा बाजूला टाकतो, म्हणून खर्चातली विषमता उत्पन्नातल्यापेक्षा कमीच दिसते. हे पहिल्याच पानावर लिहून टाका, नाहीतर तोंडी परीक्षेत अडकता.

गिनी गुणांक म्हणजे विषमता मोजायचा आकडा: सगळ्यांना सारखं तर ०, आणि विषमता वाढेल तसा १ कडे सरकतो. समजायला सोपा. दोघांत शंभर रुपये, एकाला २५, दुसऱ्याला ७५, तर गिनी ०.२५. माझा आकडा मात्र चुकीचा येत होता. सरांनी एवढंच विचारलं, "गुणक लावला का?" नव्हता लावला. नमुन्यातलं प्रत्येक घर किती घरांच्या वतीने बोलतं ते गुणक सांगतो. माणशी हिशेबासाठी त्याला पुन्हा घरातल्या माणसांच्या संख्येने गुणायचं.

खरी गोची पुढे. शेजारच्या काकूंना विचारलं, गेल्या सात दिवसांत भाजीला किती लागले? बुधवार बाजाराची पिशवी आठवून, बोटं मोजून म्हणाल्या, "चारशे." आणि महिन्याचे? "हजार-बाराशे असतीन ना बाप्पा!" चारशेच्या हिशेबाने ते सतराशेवर जातात. स्वयंपाकघर एकच, आकडे दोन. सर्वेक्षणाच्या १९९९-२००० च्या फेरीत अन्नाबद्दल एकाच घराला सात आणि तीस, दोन्ही दिवसांचं विचारलं. एका उत्तराची छाया दुसऱ्यावर पडली आणि गरिबी किती घटली यावर अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडले. २०१७-१८ ची फेरी तर सरकारने प्रसिद्धच केली नाही. २०२२-२३ पासून एकाच घरी तीनदा जाऊन वेगवेगळ्या प्रश्नावल्या भरतात. त्या वर्षी शहरी गिनी ०.३१४ होता, २०२३-२४ ला ०.२८४. पद्धत तीच, म्हणून ही दोन वर्षं शेजारी ठेवता येतात. २०११-१२ ची पद्धत वेगळी, तिच्याशी थेट तुलना करायला मी धजावलो नाही.

मग तक्त्यात प्रत्येक वर्षापुढे 'किती दिवसांचं विचारलं' असा रकाना टाकला. तो भरता भरता निम्म्या ओळी खोडल्या गेल्या, आणि प्रकल्पाच्या नावातली 'तीन दशकं'सुद्धा.