कॅल्शियमची पावडर कशी हाताळावी : लेबल वाचण्यापासून साठवणुकीपर्यंत

कॅल्शियमच्या पूरक पावडरींचे डबे बाहेरून सारखेच दिसतात आणि आतली भुकटीही बहुतेक वेळा पांढरीच असते. तरीही एका पावडरीचा एक ग्रॅम आणि दुसरीचा एक ग्रॅम यांतून शरीराला मिळणाऱ्या कॅल्शियममध्ये चौपटीहून अधिक फरक असू शकतो. कॅल्शियम हा धातू सुटा असा डब्यात कधीच नसतो. तो कोणत्या ना कोणत्या क्षाराच्या रूपात असतो. मात्रा किती घ्यावी, जेवणाबरोबर घ्यावी की नाही, पाण्यात ती विरघळेल की तळाशी बसेल, या सगळ्यांची उत्तरे त्या क्षारावर अवलंबून असल्याने पावडर वापरण्यापूर्वी आत कोणता क्षार आहे ते पाहणे हेच पहिले काम.

लेबलावरील घटकांच्या यादीत कॅल्शियम कार्बोनेट असे लिहिले असेल, तर त्याच्या वजनाच्या ४० टक्के भाग कॅल्शियमचा असतो. सायट्रेटमध्ये हे प्रमाण सुमारे २१ टक्के, लॅक्टेटमध्ये १३ टक्के आणि ग्लुकोनेटमध्ये केवळ ९ टक्के असते. त्यामुळे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळवण्यासाठी कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम पुरते, तर ग्लुकोनेट साडेपाच ग्रॅमहून अधिक लागते. लेबलावरचा ठळक आकडा क्षाराच्या वजनाचा आहे की प्रत्यक्ष कॅल्शियमचा, हे नीट तपासावे. प्रत्यक्ष कॅल्शियमचा आकडा बहुधा ‘एलिमेंटल कॅल्शियम’ या नावाने दिलेला असतो आणि हिशेब त्याच आकड्यावरून करायचा असतो. तो आकडाच न देणारा डबा विकत न घेतलेला बरा.

येथे आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. रंगकाम, बांधकाम किंवा प्रयोगशाळेसाठी विकले जाणारे कॅल्शियम कार्बोनेट स्वस्त आणि दिसायला अगदी तसेच असले तरी ते खाण्यासाठी शुद्ध केलेले नसते व त्यात शिशासारखे जड धातू असू शकतात. हाडांची भुकटी, डोलोमाइट (कॅल्शियम असलेले एक खनिज) आणि शिंपल्यांची पूड यांतही शिसे आढळलेले आहे, म्हणून ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबू नये. चुनकळी आणि ती पाण्यात विरल्यावर होणारा चुना हीदेखील कॅल्शियमचीच संयुगे आहेत. मात्र ती दाहक असून डोळ्यांना कायमची इजा करू शकतात. त्यांचा आणि पूरक पावडरीचा डबा एका कपाटात असणेच चुकीचे आहे.

क्षार कळला की पुढचे काम मोजमापाचे, आणि गफलत सर्वाधिक तिथेच होते. कार्बोनेटची पावडर हलकी, फुललेली असू शकते किंवा जड आणि दाट. त्यामुळे घरातल्या एकाच चमच्यात मावणारे वजन पावडर बदलताच दुप्पट होऊ शकते. डब्यासोबत आलेला मापाचा चमचा फक्त त्याच डब्यासाठी वापरावा. तो भरल्यावर वरची रास सुरीच्या सरळ कडेने सपाट करावी. पावडर दाबून किंवा चमचा आपटून बसवू नये. चमचा हरवला असेल, तर मिलिग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा वापरावा. साधा स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमच्या आतला फरक दाखवत नसल्याने तो या कामी उपयोगाचा नाही.

मात्रा ठरवणे डॉक्टरांचे काम असले तरी काही आकडे माहीत असावेत. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या शिफारशींनुसार १९ ते ५० वर्षे वयाच्या प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांना १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पुरेसे असते; कमाल मर्यादा पन्नाशीपर्यंत २५०० आणि त्यानंतर २००० मिलिग्रॅम आहे. हे सर्व आकडे आहारातील कॅल्शियम धरून आहेत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आम्लपित्तावरच्या बऱ्याच चघळण्याच्या गोळ्यांमध्येही कॅल्शियम कार्बोनेटच असते. त्या नेहमी घेत असाल, तर त्यांचीही बेरीज करावी लागते. शिवाय आतडे एका वेळी साधारण ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे कॅल्शियमच चांगले शोषते, म्हणून त्याहून मोठी मात्रा दोन वेळांत विभागणे शहाणपणाचे.

आता प्रत्यक्ष घेण्याची रीत. कोरडी पावडर थेट तोंडात टाकू नये. ती घशाला चिकटते, ठसका लागतो आणि बारीक कण श्वासनलिकेत जाऊ शकतात. पेल्यात आधी पाणी घेऊन त्यावर पावडर सोडावी व ढवळावे. कार्बोनेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही (लिटरभर पाण्यात जेमतेम १५ मिलिग्रॅमच्या आसपास), त्यामुळे पाणी दुधट होते आणि थोड्याच वेळात पांढरा थर तळाशी बसतो. हा पावडरीचा दोष नव्हे. ढवळताच प्यावे आणि तळ पुन्हा थोड्या पाण्याने विसळून तेही प्यावे, अन्यथा मात्रेचा मोठा भाग पेल्यातच राहतो. सायट्रेट थोडे अधिक विरघळते. लॅक्टेट आणि ग्लुकोनेट त्याहून बरेच चांगले.

कार्बोनेट विरघळायला आम्ल लागते आणि ते काम जठरातले आम्ल करते, म्हणून ही पावडर जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्याबरोबर घ्यावी. सायट्रेटला ही अट नाही. वयोमानाने ज्यांचे जठराम्ल कमी झाले आहे किंवा जे ओमेप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी औषधे घेतात, त्यांना डॉक्टर बहुधा सायट्रेटच सुचवतात. आम्लाची हीच क्रिया पेल्यातही पाहता येते: लिंबाच्या रसात चिमूटभर कार्बोनेट टाकले की फेस उसळतो, कारण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक ग्रॅम कार्बोनेटमधून सुमारे पाव लिटर वायू निघतो. आंबट पेयात पावडर घालून बाटलीचे झाकण घट्ट लावल्यास आतला दाब इतका वाढू शकतो की झाकण उडेल किंवा बाटली फुटेल. आंबट पेयात मिसळायचीच असेल, तर उघड्या आणि मोठ्या पेल्यात, थोडी थोडी मिसळावी.

औषधांच्या वेळा सांभाळणे तितकेच महत्त्वाचे आहे. थायरॉइडसाठीचे लेव्होथायरॉक्सिन आणि कॅल्शियम यांत किमान चार तासांचे अंतर हवे. टेट्रासायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके कॅल्शियमशी बांधली जातात आणि मग त्यांचे शोषण घटते. लोहाच्या गोळ्याही वेगळ्या वेळी घ्याव्यात. मुतखडा, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तात कॅल्शियम वाढल्याचा इतिहास असणाऱ्यांनी, तसेच थायाझाइड गटातील लघवी वाढवणारी औषधे किंवा हृदयविकारावरचे डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावडर सुरू करू नये. बद्धकोष्ठ आणि पोटफुगी हे त्रास कार्बोनेटने अधिक होतात. मात्र सतत मळमळ, खूप तहान, वारंवार लघवी, गोंधळलेपणा अशी लक्षणे दिसल्यास पावडर थांबवून तपासणी करून घ्यावी.

कार्बोनेटची भुकटी पेट घेत नाही आणि त्वचेला सहसा काही करत नाही. तिचा उपद्रव तिच्या धुळीत आहे. डबा तोंडाजवळ धरून उघडू नये आणि पंख्याखाली मोजणी करू नये. कण डोळ्यात गेल्यास डोळा न चोळता स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवावा. सांडलेली पावडर झाडूने उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपावी. वाळून राहिलेले पांढरे डाग थोड्या व्हिनेगरने निघतात, पण संगमरवरावर व्हिनेगर वापरू नये, कारण संगमरवर हेही कॅल्शियम कार्बोनेटच असल्याने तोच झिजेल.

डबा मूळ लेबलासह, घट्ट झाकण लावून, कोरड्या व थंड जागी आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा. न्हाणीघर आणि शेगडीजवळचे कपाट टाळावे. आत ओला चमचा घालू नये. कार्बोनेट स्वतः वर्षानुवर्षे टिकते, परंतु पावडरीत ड जीवनसत्त्व मिसळलेले असेल, तर ते उष्णतेने व प्रकाशाने क्षीण होत जाते, म्हणून अशा डब्याची वापरण्याची मुदत उलटल्यावर पावडर चांगली दिसत असली तरी ती वापरू नये.